मॅन्झनिटाला उन्हाळ्यात पाणी का नको

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या बागेत मॅन्झनिटा हे तिथलं मूळचं झुडूप मरतं ते बहुतेक वेळा भर उन्हाळ्यात, आणि तेही ओल्या मातीत. पानं जराशी मलूल दिसतात. घरातल्यांना वाटतं, तहानलं असेल, म्हणून संध्याकाळी पाइप लावून आणखी पाणी सोडलं जातं. मग पानांचा तजेला जातो, हिरव्याचा मळकट राखाडी होतो आणि अख्खं झुडूप उभ्याउभ्या वाळतं. वाळलेली पानं लगेच गळतही नाहीत, कितीतरी दिवस फांद्यांना तशीच चिकटून राहतात. कमी पाण्यावर जगणारं म्हणून मुद्दाम आणलेलं झाड पाणी मिळत असताना का गेलं, हे कुणाला कळत नाही.

ते कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियापासून सॅन डिएगोपर्यंत बरीच मराठी कुटुंबं स्थिरावली आहेत आणि त्यांतली अनेक आता लॉन काढून तिथली मूळची झाडं लावू लागली आहेत. २०१५ साली दुष्काळात राज्याने शहरांच्या पाणीवापरात २५ टक्के कपात सक्तीची केली होती. अजूनही अनेक ठिकाणच्या पाणीपुरवठा संस्था लॉन काढणाऱ्याला अनुदान देतात. नव्या बागेसाठी झाडं निवडताना मॅन्झनिटाचं नाव हमखास निघतं आणि ते योग्यच आहे. बारा महिने हिरवं, ऐन थंडीत फुलणारं, गडद तांबड्या गुळगुळीत खोडाचं इतकं देखणं झुडूप दुसरं सहज सापडणार नाही. अडचण एवढीच की बागेची जी रीत आपण लहानपणापासून पाहिली, ती इथे उलटी पडते.

आपल्याकडे पाऊस आणि ऊब एकत्र येतात. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, हवा उबदार असताना. आपली झाडं त्या चार महिन्यांत वाढून घेतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर या दोन गोष्टींची गाठच पडत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस होतो, मॉन्टेरेला ५००च्या आसपास, सॅन डिएगोला जेमतेम २५०. त्यातला बहुतेक नोव्हेंबर ते मार्च या थंडीच्या महिन्यांत पडतो. मे संपला की ऑक्टोबरपर्यंत आभाळातून थेंब पडत नाही म्हटलं तरी चालेल. माती गार असते तेव्हा ओली असते, आणि ऊबदार होते तेव्हा कोरडी. असं हवामान जगात मोजक्याच ठिकाणी आहे: भूमध्य समुद्राभोवती, मध्य चिलीत, दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात, ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य आणि दक्षिण टोकाला, आणि इथे.

मॅन्झनिटाच्या ६०हून अधिक प्रजाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक कॅलिफोर्निया आणि लगतच्या भागातच सापडतात. हे झाड या ऋतुचक्रात घडलेलं आहे. उबदार आणि ओली, अशी माती त्याच्या मुळांना निसर्गात फारशी भेटतच नाही. त्या मातीत जे वाढतं त्याच्याशी लढायची तयारीही त्याच्याकडे नाही.

त्या मातीत वाढतं ते फायटोफ्थोरा. नाव परकं वाटलं तरी विदर्भातल्या संत्राबागायतदारांना हा शत्रू चांगला ठाऊक आहे. संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळू लागतो, साल कुजते, झाड पिवळं पडत जातं. त्या डिंक्या रोगामागे हेच कुळ आहे. सुपारीचा कोळेरोग, बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा, हेही याचेच प्रकार. दिसायला बुरशीसारखं असलं तरी ते खऱ्या बुरशीच्या घराण्यातलं नाही, पाण्यातल्या काही शेवाळांच्या ते जास्त जवळचं आहे. त्याचे बीजाणू चक्क पोहतात. मातीच्या कणांमध्ये पाण्याचा पातळ थर असला की शेपटीसारखे दोन तंतू हलवत ते मुळाच्या टोकाकडे सरकतात आणि आत शिरतात. माती उबदार असेल तर पुढचं काम झपाट्याने होतं.

मॅन्झनिटाला सर्वांत जास्त छळणाऱ्या प्रकाराची नोंद १९२२ मध्ये सुमात्रात झाली, दालचिनीच्या झाडांवर. तो कॅलिफोर्नियाचा नाही, बाहेरून आलेला आहे, आणि आता रानातही शिरला आहे. सिएरा पर्वताच्या पायथ्याशी आयोन गावाच्या परिसरात मॅन्झनिटाची एक अतिशय दुर्मीळ प्रजाती आहे. तिचे पट्टेच्या पट्टे याने वाळवले आहेत.

आता ऑगस्टमधल्या त्या झुडपाकडे पुन्हा पाहू. मुळं कुजली की पाणी असूनही ते वर चढत नाही. पानं तहानलेली दिसतात ती खरोखरच तहानलेली असतात, पण कुजलेल्या मुळांवर आणखी पाणी ओतणं म्हणजे रोगाला आणखी वाट करून देणं. म्हणून पानं मलूल दिसली तर आधी बोट मातीत घालून बघावं. चार इंचांवर माती ओली लागली, तर पाणी ताबडतोब थांबवायचं. झाड वाचेलच असं नाही, मात्र पाणी चालू ठेवलं तर ते नक्की जातं.

विदर्भात डिंक्या टाळण्यासाठी दुहेरी आळ्याची पद्धत सांगतात: आतलं छोटं आळं बुंध्याभोवती कोरडं राहतं आणि पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात सोडलं जातं. शिवाय कलमाचा जोड जमिनीच्या बराच वर ठेवायचा. मॅन्झनिटाची निगा याच दोन गोष्टींवर उभी आहे. ज्याने संत्र्याची बाग सांभाळली आहे, त्याला हे झुडूप परकं वाटू नये.

पाण्याशिवाय पाच-सहा महिने ते काढतं कसं? पानं हातात घेतली तर जाड, चामड्यासारखी चिवट लागतात, काही प्रजातींत वर मेणचट पांढुरकी झाक असते. बऱ्याच प्रजातींची पानं आडवी पसरत नाहीत, उभी राहतात. भर दुपारचं डोक्यावरचं ऊन त्यामुळे पानाच्या पसरट अंगावर न पडता कडेवर पडतं. सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन मात्र दोन्ही बाजूंना मिळतं. किनाऱ्यावर आणखी एक मदत आहे ती धुक्याची. जून ते ऑगस्ट समुद्रावरून धुकं आत येतं, ऊन आणि बाष्पीभवन दोन्ही कमी करतं, पानांवर साचून थोडं खाली ठिबकतंही. पॅसिफिका किंवा हाफ मून बेसारख्या धुकट गावातल्या बागेला किनाऱ्यापासून आत असलेल्या सॅन होजेच्या बागेइतकं पाणी कधीच लागत नाही. सॅन होजेतल्या मित्राने सांगितलेलं वेळापत्रक किनाऱ्यावर तसंच लावलं की झाड बुडतं.

उन्हाळ्यात झाड निपचित दिसतं, पण तेव्हाही एक महत्त्वाचं काम उरकलेलं असतं. पुढच्या थंडीत उमलणाऱ्या फुलांचे कोवळे घोस उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच फांद्यांच्या टोकांना तयार होतात आणि पाऊस येईपर्यंत तसेच थांबून राहतात. नवखा माळी त्यांना वाळकी टोकं समजून छाटून टाकतो आणि मग जानेवारीत फुलं का नाहीत म्हणून विचारतो. छाटणीआधी ती टोकं जवळून पाहावीत.

जमिनीखालची व्यवस्था याहून गुंतागुंतीची आहे. मॅन्झनिटाच्या बारीक मुळांना उपयोगी बुरशी वेढून असते. ती मुळांपेक्षा कितीतरी लांब पोचते, पाणी आणि फॉस्फरस शोधून आणते, बदल्यात झाडाकडून साखर घेते. यातल्या कित्येक बुरशी डग्लस फर हा सूचिपर्णी वृक्ष आणि ओक यांच्या मुळांवरही राहतात. म्हणूनच बिग सरच्या डोंगरांवर मॅन्झनिटाच्या आसऱ्याला डग्लस फरची रोपं तगताना आढळतात. शेजारच्याच दुसऱ्या एका झुडपाच्या पट्ट्यात, जिथे ही बुरशी नसते, ती तगत नाहीत. हे सगळं नाजूक भागीदारीचं काम हलक्या, निकस, किंचित आम्लधर्मी जमिनीत चालतं. तिथे शेणखत, कंपोस्ट, दाणेदार खत टाकलं की भागीदारीची गरजच संपते. झाड मऊ, लुसलुशीत, भराभर वाढतं आणि तितकंच लवकर रोगाला बळी पडतं. मॅन्झनिटाच्या खड्ड्यात काहीही घालू नये. आपल्या हाताला हे फार जड जातं, कारण खड्ड्यात घमेलंभर शेणखत घातल्याशिवाय झाड लावणं आपल्याला अपुरं वाटतं. इथे तो मोह आवरायलाच हवा.

जागा निवडताना ऊन बघावं आणि निचरा बघावा. निचरा पारखायला फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा खणायचा, पाण्याने भरायचा, ते जिरलं की पुन्हा भरायचा. दुसऱ्यांदाचं पाणी काही तासांत उतरलं तर जमीन चांगली. रात्रभर उभं राहिलं तर चिकणमाती आहे, आणि तिथे सपाटीवर मॅन्झनिटा लावू नये. अशा वेळी लोक खड्डा मोठा करून त्यात वाळू भरतात. त्याने उलटच होतं, कारण भोवतालची चिकणमाती तशीच राहते, वाळूच्या खड्ड्यात चारी बाजूंचं पाणी येऊन साचतं आणि मुळं त्यात उभी राहतात. त्यापेक्षा जमिनीवर तिथल्याच मातीचा फूट-दीड फूट उंच, चांगला ऐसपैस उंचवटा करावा आणि झाड त्याच्या माथ्यावर लावावं. उतार असेल तर उत्तमच.

प्रजाती निवडताना नर्सरीतल्या फुलांवर जाऊ नये, आपलं घर समुद्रापासून किती दूर आहे ते आधी बघावं. खारा वारा थेट येत असेल तर जमिनीलगत पसरणारे प्रकार घ्यावेत. उवा-उर्सी प्रजातीतला ‘पॉइंट रेयस’ वाण, मॉन्टेरे भागातली हुकेरी, वाळूच्या टेकड्यांवरची पुमिला, आणि लिटल सर नदीच्या मुखाजवळची एडमंडसाय, तिचा ‘कार्मेल सर’ हा वाण. ही सगळी वाळू आणि वारा सोसत आलेली आहेत. ‘कार्मेल सर’ फुलतं कमी, पण बागेतलं थोडं जास्त पाणी चालवून घेतं आणि दाट हिरवा गालिचा करतं. रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यासाठी ते मला सर्वांत भरवशाचं वाटतं.

पहिल्यांदाच मॅन्झनिटा लावणाऱ्याने मात्र ‘हॉवर्ड मॅकमिन’ घ्यावं. मिल्स कॉलेजातल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलेलं आहे. मूळ प्रजाती सोनोमा काउंटीतल्या व्हाइन हिल भागातली, आणि रानात ती आता अगदी नावापुरती उरली आहे. बागेत मात्र हा वाण कमालीचा सोशिक निघाला. पाच-सहा फूट उंच, त्याहून जास्त रुंद, गुलाबीसर फुलांनी लगडणारा. जड माती, अधूनमधून चुकून पडलेलं पाणी, थोडी सावली, हे सगळं तो बाकीच्यांपेक्षा जास्त सहन करतो. झाडासारखं उंच काही हवं असेल तर ‘डॉक्टर हर्ड’ आहे, मोठ्या पानांचं, पांढऱ्या फुलांचं, दहा-पंधरा फुटांपर्यंत जाणारं. त्याला जागा मोकळी ठेवावी लागते.

नर्सरीतली जवळजवळ सगळी मॅन्झनिटा छाट कलमांपासून केलेली असतात. बियांपासून करणं कठीण, कारण बी दगडासारखं टणक असतं आणि रानात ते वणव्याची वाट पाहत वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहतं. आग, धूर आणि कोळसा यांचा संकेत मिळाला की मगच रुजतं. काही प्रजातींना बुडाशी लाकडी गड्डा असतो, त्यांना जळाल्यावर त्यातून नवे फुटवे येतात. ज्यांना गड्डा नाही त्या वणव्यात संपतात आणि फक्त बियांतून परततात. बागेतले बरेच वाण या दुसऱ्या प्रकारचे आहेत. छाटणीच्या वेळी हे लक्षात ठेवायचं आहे.

कलमांनी एक प्रजातीच वाचवली, ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जावंसं वाटत नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराची स्वतःची मॅन्झनिटा होती, फ्रान्सिस्काना. सर्पेंटाइन नावाच्या हिरवट खडकाच्या टेकड्यांवर ती वाढायची. शहर वाढत गेलं, टेकड्या गेल्या, आणि लॉरेल हिल दफनभूमीतली झुडपं १९४७ मध्ये जमीन सपाट करताना नष्ट झाली. त्याआधी झाडांवर जीव असलेल्या काही मंडळींनी तिथून रोपं वाचवली, म्हणून बर्कलीच्या टिल्डन पार्कमधल्या वनस्पती उद्यानात तिचा वंश टिकला. रानात ती संपली असंच सगळे ६०हून जास्त वर्षं मानत होते. ऑक्टोबर २००९ मध्ये गोल्डन गेट पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम सुरू होतं. भोवतालची झाडी तोडल्यामुळे रस्त्याकडेचं एक झुडूप उघडं पडलं, आणि गाडीने जाणाऱ्या डॅनियल ग्लूझनकॅम्प या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते ओळखलं. रानातली शेवटची फ्रान्सिस्काना रहदारीच्या मधोमध उभी होती. जानेवारी २०१० मध्ये मुळांभोवतालच्या मातीच्या प्रचंड गड्ड्यासकट ती क्रेनने उचलून प्रेसिडिओ उद्यानातल्या सुरक्षित जागी नेली. माती एवढी का नेली, हे वरचा बुरशीचा भाग वाचलेल्याला सांगायला नको. त्याच प्रेसिडिओत आणखी एका मॅन्झनिटाचं रानातलं एकच मूळ झुडूप उरलेलं आहे. ते १९५२ मध्ये पीटर रेव्हन नावाच्या शाळकरी मुलाला सापडलं होतं, जो पुढे जगातल्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञांपैकी एक झाला. तेव्हा रानातून फांदी तोडून आणण्याचा किंवा रोप उपटण्याचा विचारही करू नये. नर्सरीतून घ्यावं.

घेताना लहान कुंडीतलं घ्यावं, साधारण चार लिटरच्या. मोठं, महाग रोप लवकर बाग भरेल असं वाटतं, पण लहान रोप नव्या मातीत लवकर मूळ धरतं आणि काही वर्षांत मोठ्याला गाठतं. कुंडी थेट ओल्या जमिनीवर ठेवलेली असेल तर ते रोप टाळावं. फायटोफ्थोरा पुष्कळदा नर्सरीतूनच घरी येतं. ज्या नर्सऱ्या कुंड्या जमिनीपासून वर, जाळीच्या मांडवावर ठेवतात त्या जास्त विश्वासाच्या. मुळं पाहू द्यायला सांगावं. ती पांढरट आणि टणक हवीत, तपकिरी होऊन साल सुटत असेल तर नको.

लावायची वेळ म्हणजे पहिला चांगला पाऊस झाल्यानंतरची, ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर. तेव्हा लावलं की पूर्ण हिवाळाभर मुळं आभाळाच्या पाण्यावर पसरतात. मार्च-एप्रिलमध्ये नर्सऱ्या फुलांनी भरलेल्या असतात आणि घ्यायचा मोह होतो, पण तेव्हा लावलेल्या रोपापुढे लगेच कोरडा उन्हाळा उभा असतो. मग पाणी दिलं तर कुजण्याची भीती, नाही दिलं तर वाळण्याची.

खड्डा कुंडीपेक्षा खोल नको, रुंद चालेल. रोप असं बसवायचं की मुळांच्या गड्ड्याचा माथा जमिनीपेक्षा बोटभर वर राहील, कारण पुढे माती बसते आणि खोलगट जागी पाणी साचतं. काढलेलीच माती परत भरायची, हाताने दाबायची, एकदा भरपूर पाणी देऊन पोकळ्या बुजवायच्या. वर लाकडाच्या बारीक तुकड्यांचं दोन-तीन इंच आच्छादन करायचं, पण बुंध्याभोवती वीतभर जागा उघडी ठेवायची. आच्छादन बुंध्याला टेकलं की साल सतत दमट राहते, आणि विदर्भातलं आतलं कोरडं आळं ज्यासाठी असतं ते सगळं वाया जातं.

पहिल्या काही आठवड्यांत एक गोष्ट फसवते. नर्सरीतलं मिश्रण हलकं आणि भुसभुशीत असतं, बागेतली माती त्यापेक्षा दाट. भोवतालची माती त्या गड्ड्यातलं पाणी ओढून घेते, त्यामुळे बाहेर ओल असूनही मुळांचा गड्डा आतून कोरडा पडू शकतो. म्हणून सुरुवातीला पाणी गड्ड्यावरच, हळूहळू द्यावं. मुळं बाहेर पडली, साधारण तीन-चार महिने झाले, की पाण्याची जागा बाहेर सरकवायची, फांद्यांच्या टोकांच्या खाली आणि त्याच्याही पलीकडे.

पहिल्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर दोन-तीन आठवड्यांतून एकदा खोल पाणी पुरतं. रोज थोडं थोडं शिंपडणं सर्वांत वाईट. वरचा थर कायम ओला आणि खाली कोरडं, म्हणजे मुळं वरच अडकून राहतात आणि रोगाला हवी तशी जागाही मिळते. दिवस निवडताना धुक्याचा, गार दिवस निवडावा, किंवा पहाटे द्यावं. उष्णतेची लाट आली असताना घाबरून पाणी सोडू नये. लाट येणार असं कळलं तर एक-दोन दिवस आधी द्यावं, म्हणजे माती गार असताना पाणी खाली उतरतं. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा. तिसऱ्यापासून किनाऱ्यावरच्या चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत बहुतेक वाणांना काहीच लागत नाही; फार तर पानांवरची धूळ धुऊन निघेल एवढा हलका फवारा एखाद्या धुकट सकाळी.

याउलट हिवाळ्यात पाऊस कमी पडला, तर तेव्हा मात्र हात आखडता घेऊ नये. जानेवारी कोरडा जात असेल तर पाणी द्यावं, भरपूर द्यावं. माती गार असते, मुळं कामात असतात, रोग मंद असतो. वर्षाचं जे काही पाणी द्यायचं ते शक्य तितकं हिवाळ्यात ओतणं हा माझ्या मते या झुडपाच्या निगेचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. स्प्रिंकलरचं वेळापत्रक करणारे लोक हिवाळ्यात सगळं बंद करून जूनमध्ये चालू करतात, नेमकं उलटं.

मराठी घराच्या बागेत कढीपत्ता, जास्वंद, मोगरा, तुळस असतेच. या सगळ्यांना ऊब आणि पाणी एकत्र हवं असतं. त्यांना मॅन्झनिटाच्या पंगतीला बसवू नये. कुंड्यांत किंवा घराजवळच्या वेगळ्या वाफ्यात ठेवून त्यांची पाण्याची लाइन निराळी करावी. जुन्या लॉनचे स्प्रिंकलर मॅन्झनिटाच्या भागात असतील तर नुसते बंद न करता बूच लावून कायमचे मिटवावेत. जुनं ओक झाड असेल तर त्याच्याखालची कोरडी जागा मात्र खुशाल वापरावी, ओकलाही उन्हाळ्यात बुडाशी पाणी नकोच असतं.

इतकं सांभाळल्यावर डिसेंबर-जानेवारीत जे दिसतं त्यासाठी झुडपाजवळ थोडा वेळ थांबावं. फुलं इवल्या घागरींसारखी, तोंड खाली करून घोसाने लोंबलेली, पांढरी किंवा गुलाबी. आत दहा पुंकेसर, प्रत्येकाच्या परागकोशाला दोन बारीक छिद्रं आणि दोन शिंगं. पराग त्या छिद्रांतून आपोआप सांडत नाहीत. बम्बलबी या केसाळ भुंग्यांची राणी, जी जानेवारीच्या गारठ्यातही बाहेर पडते, फुलाला खालून लटकते आणि पंख न हलवता अंगाचे स्नायू थरथरवते. उडतानाचा गुणगुणाट थांबतो आणि त्याऐवजी क्षणभर वरच्या पट्टीतला, चिरका आवाज येतो. त्या कंपनाने पराग तिच्या पोटावर झडतात. सुतारभुंग्याची सोंड आत जात नाही, म्हणून तो घागरीला बाजूने चीर पाडून मध पितो. अशी चीर पडलेली फुलं जवळून पाहिली की सहज सापडतात. ॲनाज हमिंगबर्ड थंडीतही किनाऱ्यावरच राहतो आणि त्या दिवसांत याच मधावर त्याची बरीच भिस्त असते.

छाटणी कमीत कमी करावी, आणि कोरड्या दिवसांत. पावसात केलेल्या कापातून फांदीमर आणणारी बुरशी आत जाते. मग एखादीच फांदी अचानक तपकिरी पडते आणि बाकीचं झुडूप हिरवं राहतं. तसं झालं तर निरोगी लाकडापर्यंत कापावं आणि प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसावी. बुडाशी लाकडी गड्डा नसलेल्या प्रकारांच्या जुन्या, पानं नसलेल्या लाकडावर नवे फुटवे येत नाहीत, त्यामुळे जास्वंदीसारखं खालून सपाट कापून पुन्हा फुटेल अशी आशा करू नये. आकार द्यायचा तर फुलं संपल्यावर कोवळी टोकं खुडावीत. नव्या पानांच्या कडांना लाल, फुगीर शेंगांसारख्या गाठी दिसल्या तर तो एका माव्याचा उद्योग आहे. झाडाला त्याने फारसं काही होत नाही. औषध मारू नये, पानांवर पाणी उडवणं तेवढं बंद करावं.

आगीचा विचारही करावाच लागतो. घराच्या भिंतीपासून पाच फुटांत कोणतंही झुडूप नको, हा कॅलिफोर्नियातल्या अग्निशमन यंत्रणांचा सल्ला मॅन्झनिटालाही लागू आहे. त्यापलीकडे झुडपांमध्ये अंतर ठेवावं आणि आतली वाळकी काटकी दरवर्षी काढून टाकावी. ही वाळकी काटकीच भडकते. ती काढली की आतलं तांबडं खोड उघडं होतं, त्यामुळे सुरक्षितता आणि शोभा दोन्ही एकाच कामात साधतात.

खोडाची साल उन्हाळ्याच्या तोंडाला आपोआप सुटते, पातळ कागदी सुरळ्या होऊन खाली पडते, आणि खालची नवी साल आधी हिरवट दिसून मग लाल होते. काहींना तो रोग वाटतो आणि ते साल ओढून काढतात. राहू द्यावी, ती स्वतः गळते. झुडूप बरंच जुनं झालं की खोडाची एक बाजू राखाडी, निर्जीव होते आणि तिच्या शेजारून लाल, जिवंत पट्टा वर जातो. रानातल्या म्हाताऱ्या मॅन्झनिटांत हे नेहमीचं आहे. त्या राखाडी भागावर करवत चालवली तर शेजारचा जिवंत पट्टा हमखास दुखावतो, आणि वरच्या सगळ्या फांद्यांना पाणी त्याच पट्ट्यातून जात असतं.